नावापलीकडची ओळख : विद्यापीठांची संकेतस्थळे आणि अर्थखुणा

‘दाभोळ’ म्हटले की आपणा सर्वांच्या डोळ्यांसमोर वाशिष्ठीचे मुख, धोपाव्याकडे जाणारी फेरीबोट आणि आपल्या वसतिगृहाचे अंगण उभे राहते. परंतु १९९० च्या दशकात हेच नाव जगभरच्या वृत्तपत्रांत गाजले ते एन्रॉनच्या वीजप्रकल्पामुळे. आणि तो प्रकल्प तर खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यातील अंजनवेल परिसरात उभा राहिला. आपल्याच जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात, ‘दाभोळे’ नावाचे गावही आहे. आपण बोलताना यांत गल्लत करीत नाही, कारण कोण बोलत आहे आणि कशाविषयी, हे आपल्याला ठाऊक असते. यंत्राला मात्र ते अदमासाने ठरवावे लागते.

डाक खात्यापुढे हाच प्रश्न फार पूर्वी उभा राहिला होता. सारख्या नावांची गावे, निरनिराळ्या भाषांतील पत्ते आणि अपुरे लेखन यांमुळे पत्रे भलतीकडे जात. त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित आणि डाक खात्यातील अधिकारी होते. गावाचे नाव तेच राहिले. त्याच्या शेजारी एक निःसंदिग्ध खूण आली. आज आपल्या मुलांना ज्या विद्यापीठांचे दार ठोठवायचे आहे, त्यांच्या संकेतस्थळांना नेमक्या अशाच खुणांची गरज आहे. त्यांना आम्ही ‘अर्थखुणा’ म्हणतो.

एक नाव, अनेक विद्यापीठे

परमपूज्य बाबासाहेबांचे नाव धारण करणारी विद्यापीठे भारतात अनेक आहेत. आपल्याला सर्वांत जवळचे म्हणजे रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. त्याची स्थापना १९८९ ची. छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये ‘मराठवाडा विद्यापीठ’ म्हणून स्थापन झाले. लखनौला एक केंद्रीय विद्यापीठ आहे, अहमदाबादला मुक्त विद्यापीठ आहे. दिल्ली, आग्रा आणि मुझफ्फरपूर येथेही त्यांच्या नावाची विद्यापीठे आहेत.

या नावामागचा इतिहास आपल्या समाजाला सांगावयास नको. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव संमत केला; नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरे जळाली, माणसे मारली गेली. ज्या नावासाठी एवढी किंमत मोजली गेली, ते नाव आज एखादी मुलगी मोबाइलवर शोधते. पडद्यावर एका विद्यापीठाची प्रवेशसूचना, दुसऱ्याचे वेळापत्रक आणि तिसऱ्याचा गतवर्षीचा निकाल शेजारी शेजारी येऊ शकतात. शहरातील सुशिक्षित घरात ही गल्लत कुणीतरी लगेच दाखवून देईल. ज्या घरात बारावीच्या पुढे जाणारी तीच पहिली आहे, तिथे कोण दाखवणार? अर्जाची मुदत अशा वेळी कुणासाठी थांबत नाही.

अर्थखुणा म्हणजे काय?

संकेतस्थळाचे पान आपल्याला दिसते तसे संगणकात साठवलेले नसते. त्यामागे ‘एचटीएमएल’ या लेखनपद्धतीत लिहिलेला मजकूर असतो. त्या मजकुरात प्रत्येक भाग काय आहे हे खुणेने सांगण्याची सोय असते : हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हे तक्त्यातील रकान्याचे नाव. अक्षरे मोठी आणि ठळक केली की आपल्या डोळ्याला ते शीर्षक वाटते. यंत्राला मात्र ती केवळ मोठी अक्षरे असतात. दिसणे आणि असणे यांतला हा भेद आहे.

अंध विद्यार्थ्याला या भेदाची झळ थेट पोहोचते. पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणाली असतात. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेली ‘एनव्हीडीए’ तर विनामूल्य मिळते. शीर्षके खुणेने दर्शवलेली असतील तर तो विद्यार्थी एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जात हवा तो भाग गाठतो. ती नसतील तर सारे पान पहिल्या ओळीपासून ऐकत बसावे लागते. मजकुराची भाषा मराठी आहे एवढी दोन अक्षरी खूण केली, तर प्रणालीला मराठी उच्चार निवडता येतात. सूचना कागदावर छापून तिचे छायाचित्र चढवले असेल, तर मात्र वाचण्यासारखे काहीच उरत नाही.

तारखेचे उदाहरण घ्या. ‘१०/०७’ म्हणजे आपल्याकडे १० जुलै, अमेरिकी पद्धतीने ७ ऑक्टोबर. पानावर ती आपल्या रीतीने लिहावी. पण तिच्या खुणेत वर्ष, महिना, दिवस या ठरलेल्या क्रमाने नोंदवली, म्हणजे संशय राहत नाही आणि जुनी सूचना कोणती, नवी कोणती, हे यंत्रालाही कळते.

याच्याही पुढची पायरी म्हणजे संस्थेची ओळख. २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू या शोधयंत्रांनी ‘स्कीमा’ नावाचा सामाईक शब्दसंग्रह सुरू केला; पुढे यांडेक्सही त्यात सामील झाले. त्यात विद्यापीठ, अभ्यासक्रम, व्यक्ती, कार्यक्रम यांसाठी ठरलेल्या संज्ञा आहेत. त्यांचा उपयोग करून लोणेरे येथील विद्यापीठाची ओळख अशी नोंदवता येते :

प्रकार : विद्यापीठ
नाव : डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ
प्रचलित नाव : बाटू
स्थापना : १९८९
स्थळ : लोणेरे, तालुका माणगाव, जिल्हा रायगड

एवढ्या पाच ओळी पानाच्या अंतरंगात असल्या, की लखनौ आणि लोणेरे यांची सरमिसळ होण्याचे कारण उरत नाही. नावे बदललेल्या संस्थांना जुने नावही नोंदवता येते, म्हणजे जुन्या गुणपत्रिकेवरील नावाने शोधणाराही योग्य ठिकाणी पोहोचतो.

आम्ही काय पाहिले

या लेखासाठी आम्ही काही विद्यापीठांची पाने उघडून त्यांची अंतर्गत मांडणी न्याहाळली. एकाच प्रकारचे पान, उदाहरणार्थ प्रवेशसूचना, निरनिराळ्या ठिकाणी कसे लिहिले आहे हे ताडून पाहणे, ही या अभ्यासाची साधी पद्धत आहे. तीन तऱ्हा ठळकपणे आढळल्या. कुठे सूचना केवळ छायाचित्ररूपाने होत्या. कुठे खुणा होत्या, पण त्या शोभेपुरत्या. अक्षर मोठे दिसावे म्हणून शीर्षकाची खूण वापरलेली. आणि कुठे शीर्षक, तक्ता, तारीख, भाषा या साऱ्यांना यथार्थ नाव दिलेले होते. तिसऱ्या तऱ्हेला पहिल्या दोहोंपेक्षा अधिक पैसा लागतो असे नव्हे. लागते ती लिहिणाऱ्याची दक्षता. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आणि शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्राने घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे यांचाही रोख याच दिशेला आहे.

मर्यादाही सांगितली पाहिजे. अर्थखुणेने खोटी माहिती खरी होत नाही. तारीख चुकीची नोंदवली तर यंत्र ती चूकच अधिक वेगाने पसरवील.

आपल्या परंपरेला ही दृष्टी परकी नाही. तथागतांची वचने लिहिली जाण्यापूर्वी भिक्खूंनी ती शतकानुशतके मुखोद्गत जपली. दीर्घ सुत्ते दीघनिकायात, मध्यम मज्झिमनिकायात, विषयवार संयुत्तनिकायात आणि संख्येच्या क्रमाने अंगुत्तरनिकायात अशी रचना झाली. वर्गाच्या अखेरीस ‘उद्दान’ म्हणून सुत्तांच्या नावांची गाथा येते. ती एक प्रकारची सूचीच होय. ज्ञान जतन करणे आणि ते सापडेल असे ठेवणे ही दोन कामे आहेत, हे त्या पूर्वजांनी जाणले होते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने दोन विनंत्या. पालकांनी अर्ज भरण्यापूर्वी विद्यापीठाचे पूर्ण नाव, गाव आणि सूचनेचे वर्ष या तीन गोष्टी मुलांसोबत बसून ताडून पाहाव्यात. शंका आल्यास शाळेत विचारावे. आणि जे माजी विद्यार्थी आज महाविद्यालयांत वा संगणकाच्या व्यवसायात आहेत, त्यांनी आपल्या हातून जाणारे प्रत्येक पान वर सांगितलेल्या कसोटीवर पारखावे. दाभोळच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या मुलाला योग्य दार सापडणे, हे पलीकडे बसून ते पान लिहिणाऱ्याच्या हाती असते. आणि त्या पलीकडच्या खुर्चीत आता आपलीच काही माणसे बसलेली आहेत.