हवा आहे, श्वास पुरत नाही

कोविडच्या दुसऱ्या लाटेत घराघरांत आलेला ऑक्सिमीटर आता बहुतेक ठिकाणी औषधांच्या डब्यात तळाला गेला आहे. काही घरांत मात्र तो अजून उशाशी असतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर छाती भरून येते, श्वास आत जातो पण तळापर्यंत पोचत नाही असं वाटतं, बोट चिमट्यात जातं आणि आकडा येतो ९८. पाच मिनिटांनी पुन्हा बघावं तर ९९. यंत्र म्हणतं सगळं ठीक आहे, शरीर म्हणतं जीव गुदमरतोय, आणि घरातली माणसं म्हणतात, "काही नाही गं, टेन्शन घेऊ नकोस."

यंत्र खरं सांगतं आणि शरीरही खरंच सांगतं. निरुपयोगी असतो तो तिसरा सल्ला.

केव्हिन लव्ह हा अमेरिकेतला नामवंत बास्केटबॉलपटू. उंची दोन मीटरहून जास्त, २०१६ मध्ये क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सबरोबर एनबीएचं विजेतेपद मिळवलेला. ५ नोव्हेंबर २०१७ रोजी अटलांटाविरुद्धचा सामना चालू असताना त्याचं हृदय धडधडू लागलं, तोंड कोरडं पडलं, श्वास मिळेना. सामना अर्धवट टाकून तो आत पळाला आणि हवेसाठी धडपडत जमिनीवर पडून राहिला. रुग्णालयात सगळ्या तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल निघालं. तो पॅनिक अटॅक होता. पुढे मार्च २०१८ मध्ये त्याने स्वतःच हे जाहीरपणे लिहिलं. त्याचं महत्त्व एवढ्यासाठी की 'मन कमकुवत असलेल्यांना असं होतं' हा आपल्याकडचा लाडका समज त्याच्यासमोर टिकत नाही. रोज तासन्‌तास पळणाऱ्या माणसाची फुप्फुसं उत्तम होती, तरी त्याला श्वास पुरला नाही.

वैद्यकशास्त्राला हा प्रकार नवा नाही. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात फिलाडेल्फियातल्या लष्करी रुग्णालयात जेकब दा कोस्टा नावाच्या डॉक्टरांकडे असे सैनिक येत होते, ज्यांना थोड्या श्रमाने धाप लागे, छातीत दुखे, धडधडे; पण हृदय तपासलं तर बिघाड सापडत नसे. अशा सुमारे तीनशे सैनिकांचा अभ्यास त्यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात हीच लक्षणं इतक्या जणांत दिसली की हृदयतज्ज्ञ थॉमस लुईस यांना त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहावं लागलं. बिछान्यात पडून राहण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम अशा सैनिकांना उपयोगी पडतो, हे त्यांनी दाखवून दिलं. गरजेपेक्षा जास्त श्वास घेण्यातून होणाऱ्या या त्रासाला 'हायपरव्हेंटिलेशन सिंड्रोम' हे नाव मिळालं १९३७ मध्ये.

गरजेपेक्षा जास्त श्वास? माणूस तर श्वास कमी पडतोय म्हणून तक्रार करतो! या आजाराची सगळी गंमत, आणि सगळा छळ, इथेच आहे.

आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः ऑक्सिजन कमी झाला म्हणून नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. हा वायू म्हणजे नुसता कचरा, असं आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात तो ठरावीक प्रमाणात रक्तात असावाच लागतो. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब ३५ ते ४५ मिलिमीटर पारा इतका असतो. भीतीने किंवा काळजीने श्वास भरभर चालू लागला की तो गरजेपेक्षा जास्त बाहेर फेकला जातो. ऑक्सिजन आधीच ९८ टक्के भरलेला, त्यात भर पडायला जागा नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र काही मिनिटांत खाली येतो. त्याबरोबर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं, डोकं हलकं होतं. रक्त किंचित अल्कधर्मी होतं, त्यातल्या कॅल्शियमचा मोकळा अंश घटतो, म्हणून ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. फार झालं तर हाताची बोटं वाकडी होऊन आखडतात. ते पाहून नातेवाइकांना वाटतं झटका आला, रुग्णाला वाटतं आता संपलं. भीती वाढते आणि श्वास आणखी जोरात चालू लागतो.

शिवाय असा माणूस श्वास छातीच्या वरच्या भागाने घेतो आणि नीट सोडतच नाही. पहिला श्वास पुरता बाहेर जाण्याआधी दुसरा आत येतो. काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी तांब्याभर पाणी ओतावं, तसा हा प्रयत्न. छातीचा पिंजरा ताणलेला, मानेचे आणि खांद्यांचे स्नायू दमलेले, मग 'खोल श्वास लागत नाही' ही तक्रार अगदी खरी ठरते. अधूनमधून मोठा उसासा किंवा जांभई आली की क्षणभर बरं वाटतं. उसासा हा निरोगी माणसालाही ताशी दहा-बारा वेळा नकळत येतो, त्याने फुप्फुसातले मिटलेले वायुकोश उघडतात. पण दर मिनिटाला मुद्दाम काढलेले उसासे कार्बन डायऑक्साइड आणखी खाली नेतात.

इथवरचं स्पष्टीकरण इतकं सुबक आहे की त्यावर थोडा संशय घ्यायलाच हवा. तो नेदरलँड्समधल्या संशोधकांनी घेतला. १९९६ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या प्रयोगात ११५ रुग्णांना जोरजोरात श्वास घ्यायला लावलं. बहुतेकांना आपली ओळखीची लक्षणं जाणवली. मग पुन्हा तेच करायला लावलं, पण या वेळी त्यांच्या नकळत हवेत कार्बन डायऑक्साइड मिसळत राहून रक्तातलं प्रमाण घटू दिलं नाही. आधी लक्षणं आलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांना या वेळीही तीच लक्षणं आली! म्हणजे रक्तातलं रसायन ही अर्धीच गोष्ट. छातीत काहीतरी वेगळं जाणवलं की मेंदू त्याचा जो अर्थ लावतो, तो उरलेला अर्धा भाग.

उलट दिशेचा पुरावाही आहे. मेंदूतला अमिग्डाला हा भाग भीतीशी निगडित मानला जातो. तो दोन्ही बाजूंनी निकामी झालेली एक अमेरिकन महिला शास्त्रीय लेखनात नुसत्या आद्याक्षरांनी ओळखली जाते. साप, कोळी, भुताचे सिनेमे, कशानेच ती घाबरत नसे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एक श्वास दिला, आणि तिला जबरदस्त पॅनिक अटॅक आला. अशाच आणखी दोघांनाही आला. गुदमरण्याची भीती इतकी आदिम आहे की तिला भीतीच्या नेहमीच्या वाटेचीही गरज पडत नाही. दम कोंडला असताना 'मनावर घेऊ नकोस' हे वाक्य का पोचत नाही, ते यावरून समजावं.

पण थांबा. 'चिंतेमुळे असेल' हे निदान शेवटी करायचं असतं, सुरुवातीला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि रक्तक्षयाने दम लागतोच. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बाईला विडी-सिगारेट न ओढताही फुप्फुसाचा जुनाट आजार होतो. दमा, थायरॉइड, हृदयाच्या झडपा, सगळ्यांची तक्रार रुग्णाच्या तोंडून एकाच शब्दात येते. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत हृदयविकाराचा झटका छातीत फारसं न दुखता नुसत्या धापेनेही येऊ शकतो. त्यामुळे 'बायकांचं टेन्शन' म्हणून परत पाठवणं हा निष्काळजीपणा आहे. ईसीजी, छातीचा एक्स-रे, हिमोग्लोबिन, थायरॉइडची तपासणी, नळीत फुंकून करायची स्पायरोमेट्री आणि डॉक्टरांना गरज वाटली तर टू-डी इको, एवढं एकदा नीट व्हायला हवं.

काही खुणा दिशा दाखवतात. जिना चढताना वाढणारी आणि बसल्यावर कमी होणारी धाप, आडवं झाल्यावर गुदमरणं, पायावर सूज, छातीत शिट्टीसारखा आवाज, ताप, थुंकीतून रक्त, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, यांतलं काहीही असेल तर आधी शरीराकडे बघायचं. अचानक आलेली धाप, निळसर ओठ, छातीतून हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर १०८ ला फोन करायचा, विचार नंतर. याउलट टीव्ही बघत बसलं असताना, फोनवर बोलताना, गर्दीत किंवा लिफ्टमध्ये श्वास अडतो. तोच माणूस भाजीची पिशवी घेऊन तीन मजले चढतो तेव्हा काही होत नाही. गप्पांत रमला की त्रास विसरतो. असं असेल तर श्वासाची घडी विस्कटल्याची शक्यता जास्त. नेदरलँड्समध्येच तयार झालेली सोळा प्रश्नांची नायमेगन प्रश्नावली डॉक्टर यासाठी वापरतात. शरीराचा आजार आणि विस्कटलेला श्वास, दोन्ही एकत्र असणंही सर्रास घडतं. दमेकऱ्याला चिंता असते, चिंतेने श्वास बिघडतो, आणि आराम पडावा म्हणून पंप वारंवार मारला तर त्यातल्या साल्ब्युटामॉलने हात थरथरतात, छाती धडधडते. मग ही धडधड कशामुळे, हे कोणालाच कळेनासं होतं.

तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी दिलासा दिला. आता करायचं काय?

सिनेमात दाखवतात तशी कागदाची पिशवी तोंडाला लावायची नाही, हे पहिलं. आजार वेगळाच असून पिशवी लावल्याने मृत्यू झाल्याच्या घटना १९८९ सालीच वैद्यकीय नियतकालिकात नोंदल्या गेल्या आहेत. दुसरं, 'खोल श्वास घे' म्हणून कोणी पाठीवर हात फिरवला तर त्याचं ऐकायचं नाही. श्वास खोल नको, सावकाश हवा. ओठांचा चंबू करून हळूच सोडायचा, पूर्ण बाहेर जाऊ द्यायचा, क्षणभर थांबायचं आणि नाकाने हलकेच आत येऊ द्यायचा. एक हात छातीवर, एक बेंबीच्या वर ठेवला तर खालचा हात हलला पाहिजे. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. इंग्लंडमधल्या पॅपवर्थ रुग्णालयात १९६० च्या दशकापासून फिजिओथेरपिस्ट अशा रुग्णांना नाकाने, पोटाने आणि संथ श्वास घ्यायला शिकवत आले आहेत. २०१८ मध्ये ब्रिटनमध्येच ६५५ दमेकऱ्यांवरच्या चाचणीत असं शिकवण्याने रुग्णांचं रोजचं जगणं सुधारलं. विशेष म्हणजे फुप्फुसाच्या मोजमापात काही फरक पडला नाही. फुप्फुसं होती तशीच राहिली, त्रास तेवढा कमी झाला. अर्थात दम्याची औषधं त्यासाठी बंद करायची नसतात.

हा सराव त्रास नसताना करायचा, रोज दोनदा दहा-दहा मिनिटं. ऐन झटक्यात नवी गोष्ट शिकता येत नाही.

यात आपल्याकडच्या वाचकाला प्राणायाम आठवणारच. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रिया एक्स-रे आणि दाबमापकांखाली तपासल्या, तेव्हा हे काम जगात क्वचितच कोणी करत होतं. मात्र सगळे प्राणायाम एका मापाचे नाहीत. कपालभाती आणि भस्त्रिका यांत श्वास वेगाने चालतो. पॅनिकच्या रुग्णाने सुरुवात तिथून केली तर तीच गरगर, त्याच मुंग्या. संथ अनुलोम-विलोम किंवा भ्रामरी बरी, आणि हृदयरोग वा रक्तदाब असेल तर कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की लॅटिनमधली रोझरीची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हूम' हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदयाची लय सुधारते. जपमाळ ओढणाऱ्या आजीला कोणी यंत्र लावलं नव्हतं, एवढंच.

तरी नुसत्या श्वासाच्या व्यायामावर थांबणं पुरेसं नाही. काही जणांचा व्यायामच ताईत होऊन बसतो. तो केला नाही तर आता अटॅक येणार, अशी नवी भीती. ऑक्सिमीटर दर तासाला लावणं हाही तसलाच ताईत. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलं की पॅनिकचं मूळ शरीरातल्या साध्या जाणिवेचा भयंकर अर्थ लावण्यात आहे. त्यावर उभ्या राहिलेल्या उपचारात, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीत, थेरपिस्ट रुग्णाला मुद्दाम मिनिटभर भरभर श्वास घ्यायला लावतात, स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतात. नेमकी ती भीतीदायक जाणीव येते, आणि काही वाईट न होता ओसरते. हे पुनःपुन्हा घडलं की मेंदू हळूहळू घंटा वाजवणं कमी करतो. आठवड्याला एक बैठक, काही महिने, असा हा मामला असतो.

गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ सर्ट्रालिनसारखी औषधं देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता थोडी वाढू शकते, म्हणून चौथ्या दिवशी गोळी सोडू नये. शेजाऱ्याकडून मागून घेतलेली अल्प्राझोलॅमची गोळी मात्र वाईट सवय. तिने अर्ध्या तासात बरं वाटतं, आणि म्हणूनच ती जडते. फुप्फुसाचा जुनाट आजार असलेल्यांना तर ती धोक्याची ठरू शकते.

मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याच्या गावी मिळेलच असं नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं.