केळीचा वास आणि आग्या मोहोळ

नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याला लागलं की अर्धापूर येण्याआधीच दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा सुरू होतात. इसापूर धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या या बागांनी गावाला नाव मिळवून दिलं. केळीच्या एका वाणालाच ‘अर्धापुरी’ म्हणतात. आता ग्रँड नैनची रोपं जास्त दिसतात, पण घड पिकायला लागला की सुटणारा वास तोच. त्या गोड, नाकात जरा चढणाऱ्या वासात मोठा वाटा एका रसायनाचा असतो, आयसोअमाइल ॲसिटेट. आइस्क्रीमला आणि गोळ्यांना केळ्याची चव आणायला जो इसेन्स घालतात, तोही हाच.

मधमाशी डंख मारते तेव्हा तिच्या नांगीच्या बुडातून हेच रसायन हवेत सुटतं. पोळ्यावरच्या बाकीच्या माश्यांसाठी त्याचा अर्थ एकच असतो: शत्रू इथे आहे, या.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच वाटेना. ज्या वासाने आपल्या तोंडाला पाणी सुटतं, तोच दुसऱ्या एका जिवाच्या जगातला रणशिंगाचा आवाज! गंमत अशी की आपल्या बागेतल्या केळीला मधमाशीची गरजसुद्धा नाही. तिचं फळ परागीभवनाशिवायच धरतं, म्हणून तर त्यात बी नसतं. तरीही झाड आणि माशी, दोघांनीही आपापल्या वाटेने तोच रेणू घडवला.

मधमाशीची उपटलेली ताजी नांगी पोळ्याजवळ नेली तर माश्या खवळतात, हे स्वित्झर्लंडच्या फ्रांस्वा ह्यूबरने १८१४ मध्ये लिहून ठेवलं होतं. ह्यूबर अंध होता. आपल्या मदतनिसाच्या डोळ्यांनी त्याने आयुष्यभर मधमाश्या पाहिल्या. त्या खवळण्यामागचं रसायन सापडायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षं गेली. १९६२ मध्ये बॉख, शिअरर आणि स्टोन या संशोधकांनी नांगीतून निघणाऱ्या वासातलं आयसोअमाइल ॲसिटेट ओळखलं.

ही झाली पाळीव, पेटीतल्या माशीची गोष्ट. माहूर-किनवटच्या सागवानी जंगलात, अजिंठ्याच्या कड्यावर किंवा सह्याद्रीतल्या एखाद्या किल्ल्याच्या बुरुजाखाली आपली गाठ पडते ती आग्या माशीशी, आणि तिने या व्यवस्थेत एक भर घातली आहे. केळ्याच्या वासाचं रसायन हलकं असतं, हवेत पटकन विरून जातं. आग्या माशीच्या नांगीतून त्याच्याबरोबर आणखी एक जड रसायन सुटतं, ते बराच वेळ टिकतं. पहिलं हाक मारतं, दुसरं खूण लावून ठेवतं. आग्या मोहोळ उठलं की लवकर बसत नाही आणि माणसाचा लांबवर पाठलाग करतं, हे खेड्यातलं पोरगंही सांगतं. त्या चिकाटीला या दुसऱ्या रसायनाची साथ असते.

आग्या माशी बोटाच्या एका पेरापेक्षा फारशी लहान नसते. ती ढोलीत किंवा कपारीत लपत नाही. उंच झाडाच्या आडव्या फांदीला, कड्याच्या पुढे आलेल्या छपरासारख्या दगडाला, पाण्याच्या टाकीला, पुलाच्या पोटाला तिचं एकच मोठं पोळं उघड्यावर लटकतं. मीटर-दीड मीटर रुंद पोळं काही दुर्मीळ नाही. दुरून काळपट-तपकिरी दिसतं ते मात्र पोळं नसतंच. त्या असतात माश्या, एकमेकींना धरून थरावर थर लटकलेल्या. मेण, मध आणि अळ्या त्या जिवंत पडद्याच्या आत झाकलेल्या असतात. ऊन, वारा, पाऊस, सगळं हा पडदाच झेलतो.

दुर्बिणीतून हा पडदा नीट पाहत राहावं. सुरुवातीला काहीच हलत नाही. मग एका बिंदूपाशी काही माश्या झटकन पोट वर उचलतात आणि खाली घेतात, त्यांच्या शेजारच्या तेच करतात, त्यांच्या शेजारच्याही, आणि क्षणार्धात सगळ्या पोळ्यावरून एक चमकती लाट फिरून जाते. पुन्हा एक. पुन्हा एक. ऑस्ट्रियाच्या गेराल्ड कास्टबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळमध्ये हे चित्रित केलं आणि २००८ मध्ये दाखवून दिलं की या लाटा गांधीलमाशीला पळवून लावण्यासाठी असतात. गांधीलमाशी जवळ यायला लागली की लाटा जोरात उठतात, आणि ती एखादी माशी टिपायच्या ऐवजी मागे फिरते. हजारो जीव, एकही सेनापती नाही, आणि एका माशीचाही बळी न देता शत्रू परत जातो. उघड्यावर संसार मांडणाऱ्या या माशीचा हा पहिला बचाव आहे. डंख हा शेवटचा, कारण डंख मारणारी माशी मरते.

डोंगरात जाणाऱ्याला यातून एक फार कामाची गोष्ट मिळते. पोळं शांत लटकलेलं असेल तर ठीक. त्यावर लाटांमागून लाटा उठत असतील, तर ते सावध झालेलं आहे. कारण गांधीलमाशी असेल, वर घिरट्या घालणारी मोहोळघार असेल, नाहीतर तुमच्यातलाच कुणीतरी. कारण शोधत बसायचं नाही. आल्या वाटेने, आवाज न करता, मागे फिरायचं.

आता डंखाकडे जरा जवळून पाहू. माशीच्या नांगीला मागे वळलेले काटे असतात. आपल्या जाड, लवचीक कातडीत ती रुतली की बाहेर येत नाही. माशी उडते तेव्हा नांगी, तिच्यामागची विषाची पिशवी, पंपासारखे हलणारे स्नायू आणि ते चालवणारी मज्जातंतूंची गाठ, एवढं सगळं तिच्या शरीरातून तुटून आपल्या अंगावर राहतं. आणि ते थांबत नाही. माशी केव्हाच गेलेली असते, पण तो तुटका अवयव आपला आपण नांगी आणखी खोल ढकलत राहतो आणि विष ओतत राहतो. बहुतेक सगळं विष पहिल्या वीस सेकंदांतच आत जातं. वासही तिथूनच सुटत राहतो. म्हणजे रुतलेली प्रत्येक नांगी ही विषाची सुई असतेच, शिवाय बाकीच्यांना दिशा दाखवणारी खूणही असते.

एवढं समजलं की मोहोळाबाबतचे सगळे नियम पाठ करायची गरज उरत नाही, ते आपोआप सुचतात. पहिली माशी अंगावर बसली तर फटकारून मारायची नाही, कारण चिरडलेल्या माशीतूनही तो वास सुटतो. डंख बसला तर काटा लगेच काढायचा. चिमटीत धरू नये, नखाने किंवा कार्डाने खरवडूनच काढावा, असं पूर्वी सांगत. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या प्रयोगाने तो समज खोडला. कसा काढला याने फरक पडत नाही, किती लवकर काढला याने पडतो. चुना कुठे मिळेल, घासायला लोखंड कुठून आणू, या धावपळीत नेमकी तीच वीस सेकंदं जातात. आणि जिथे डंख बसला तिथे उभं राहून उपचार करायचे नाहीत. त्या हवेत हाक घुमत असते, आधी तिथून बाहेर पडायचं.

बाहेर पडताना तोंड, नाक, डोळे झाकायचे. माशी आपल्या श्वासाचा माग काढते आणि चेहऱ्याकडे झेपावते. पांढरी किंवा फिक्या रंगाची सुती चादर, उपरणं, ओढणी पिशवीत वरच ठेवलेली असावी. घोंगडी मात्र इथे कामाची नाही. काळा रंग आणि केसाळ पोत तिला आणखी चेतवतात. अस्वलासारख्या लुटारूंशी तिचं जुनं वैर आहे, असं यामागचं कारण सांगतात. पाण्यात उडी मारणं हा तर जुना आणि जिवावर बेतणारा सल्ला. माश्या पाण्यावर घिरट्या घालत राहतात, आणि श्वासासाठी वर आलेल्या तोंडालाच डसतात. बंद खोली, गाडी, तंबू, काहीच नसेल तर दाट झुडूप, यातलं जे जवळ असेल तिकडे न थांबता जायचं.

पण कड्यावर? सपाटीवर पळा म्हणणं सोपं असतं. अरुंद वाटेवर, एका अंगाला दरी असताना, घाबरून धावणारा माणूस माश्यांनी नाही, पाय घसरून मरतो. तिथे पळायचं नाही. चादर डोक्यावरून ओढून खाली वाकायचं, कातळाला हात लावून, पायाखाली पाहत, पावलापावलाने सरकायचं. डंख बसतील. ते सोसता येतात, दरी सोसता येत नाही.

मोहोळ उठतं कशाने? बहुतेक वेळा माणसानेच काहीतरी केलेलं असतं. दगड मारलेला असतो, खाली चूल किंवा शेकोटी पेटवलेली असते, फटाके, मशाली, जवळून उडवलेला ड्रोन. धुराने माश्या शांत होतात हे खरं आहे आणि मधमाशीपालक तो वापरतातही. गार, थोडा धूर त्यांच्या मिशांना तो धोक्याचा वास नीट कळू देत नाही. पण पोळ्याखाली पेटलेल्या आगीची धग म्हणजे घराला लागलेली आग, तिला त्या तसाच जबाब देतात. उग्र अत्तर, वासाचं तेल टाळावं. केळी पायथ्याशी खुशाल खावीत, मोहोळाखाली बसून सोलू नयेत. पेटी उघडण्याआधी केळं न खाण्याची शिस्त अनेक मधमाशीपालक पाळतात, आणि ती मला रास्त वाटते.

आपलं दुर्दैव असं की दोन्ही हंगाम एकावर एक येतात. आपल्याकडे पावसाळा सरला की आग्या माश्यांचे थवे येऊन पोळी बांधतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा निघून जातात. आपली डोंगरभटकंती, शाळांच्या सहली, गडांवरचे उत्सव हेसुद्धा नेमके त्याच महिन्यांत. मार्च २०२५ मध्ये शिवजयंतीच्या सुमारास शिवनेरीवर जमलेल्या शिवभक्तांवर मधमाश्या तुटून पडल्या आणि कितीतरी जण जखमी झाले. अजिंठ्याच्या लेण्यांतही पर्यटकांना असे हल्ले सोसावे लागले आहेत.

डंख बसलेल्या माणसाकडे दोन वेगवेगळ्या नजरांनी पाहावं लागतं. काहींना एकच डंख पुरतो. अंगभर गांध्या उठतात, ओठ आणि जीभ सुजते, आवाज बसतो, श्वासात घरघर येते, उलटी होते, भोवळ येते. हे मिनिटांत घडतं. यावर औषध एकच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. ॲलर्जीच्या गोळ्या त्याची जागा घेत नाहीत. १०८ला लगेच फोन करायचा, माणसाला आडवं ठेवायचं, धाप लागली असेल तर बसतं. पूर्वी कधी असा त्रास झालेल्याने जंगलात निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून इंजेक्शनची सोय करूनच निघावं.

दुसरा धोका दबा धरून येतो. शंभर-दोनशे डंख बसलेला माणूस संध्याकाळी बरा वाटतो, बोलतो, जेवतो. पण त्या विषाने रक्तातल्या तांबड्या पेशी आणि स्नायू फुटत असतात, आणि त्यातून सुटलेली द्रव्यं मूत्रपिंडात अडकतात. एक-दोन दिवसांनी लघवी काळ्या चहासारखी होते, मग कमी होते. तोवर उशीर झालेला असतो. म्हणून खूप डंख बसलेल्याला, तो कितीही ‘ठीक आहे’ म्हणाला तरी, त्याच दिवशी दवाखान्यात दाखल करून रक्त-लघवी तपासत राहायला हवं. लहान मुलांना तर याहून कितीतरी कमी डंखही पुरतात. माहूर-किनवटच्या जंगलातून नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयापर्यंत यायला काही तास लागतात. ते तास हिशेबात धरूनच निर्णय घ्यायचा, लघवीचा रंग बदलायची वाट पाहत बसायचं नाही.

या माशीबद्दलची सगळ्यात अजब गोष्ट मात्र तिच्या परत येण्याची आहे. आसामात केलेला एक अभ्यास २००० साली ‘नेचर’मध्ये आला. आनुवंशिक खुणा तपासल्यावर दिसलं की कित्येक महिने दूर राहून आलेली वसाहत त्याच राणीसह आपल्या जुन्याच जागी उतरते. कामकरी माशीचं आयुष्य इतकं तोकडं असतं की मागच्या मुक्कामी ती जागा पाहिलेल्या माश्या परतेपर्यंत सहसा उरतच नाहीत. राणी जगते, पण वाट दाखवणं हे राणीचं काम नाही. मग तीच फांदी, तोच कडा, कोण कुणाला सांगतं?

डोंगरात जाणाऱ्याला त्याच्या उत्तराशिवायही पुढचं पाऊल टाकता येतं. मोहोळ दरवर्षी त्याच ठिकाणी बसत असेल, तर ते ठिकाण पायथ्याच्या गावात कुणाला ना कुणाला ठाऊक असणारच. गुराखी, सरपण आणणाऱ्या बाया, गोंड-कोलाम पाड्यांवरचे मध काढणारे. “दादा, यंदा मव्हळ कुठं बसलंय?” एवढं विचारायला दोन मिनिटं पुरतात. ते हात करून दाखवतील ती फांदी किंवा तो कडा सगळ्यांनी पाहून घ्यायचा, आणि त्या बाजूची वाट सोडून दुसरी धरायची.