टाक्यातल्या कमळाचा हिवाळा

या रे पोरांनो, टाक्याभोवती बसा. दिवाळीचा कंदील उतरला की आपलं काम ठरलेलं : मागच्या अंगणातलं हे कमळाचं टाकं हिवाळ्यासाठी आवरायचं.

हसताय काय? अँटॉप हिलला कसली थंडी, असंच ना? बरोबर आहे. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला, तो मुंबईचा नीचांक. पाणी गोठायला शून्य अंश लागतात. तिकडे श्रीनगरला दल सरोवर गोठतं, तरी मासे जगतात. कारण पाण्याची एक गंमत आहे. थंड होताना ते जड होत जातं, पण ४ अंशांपर्यंतच. त्याखाली उलट हलकं होऊ लागतं. म्हणून बर्फ वर तरंगतो आणि जड पाणी तळाशी द्रवच राहतं.

आपल्याकडे बर्फ नाही, तरी कमळाला हिवाळा कळतो. कसा? दिवस मोजून! जूनमध्ये मुंबईचा दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात जेमतेम अकरा तासांचा. दिवस आखडू लागला की कमळ नवी पानं काढणं कमी करतं आणि चिखलातल्या कंदात अन्न साठवू लागतं. तीच कमळकाकडी. पानं पिवळी पडली म्हणून रोप मेलं असं समजून कुंडी उपसू नका, खतही घालू नका. झोपलेल्याला जेवायला वाढून काय उपयोग?

आता हा देठ मोडून बघ. हळूच ओढ. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे निघाले ना? आणि मोडलेल्या तोंडाशी ही भोकं दिसतात? या हवेच्या नळ्या. तळातल्या चिखलात प्राणवायू नसतोच म्हटलं तरी चालेल. कंदाला श्वास पुरवतात त्या या नळ्या. म्हणून पिवळा देठ कापायचा तो पाण्याच्या वर, चार बोटं ठेवून. पाण्याखाली कापलात तर नळ्यांत पाणी शिरेल आणि कंद कुजेल.

शेजारच्या देशी बदामाची पानं लाल होऊन पडू लागली की रोज जाळीने काढायची. ती तळाला कुजली की जंतू प्राणवायू खातात, मग मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो हे खरं. २५ अंशांना लिटरमध्ये सव्वाआठ मिलिग्रॅम, शून्याला साडेचौदा. पण आपलं पाणी तितकं गार होत नाही, तेव्हा त्या भरवशावर राहायचं नाही.

आणि हे गप्पी मासे मुळात दक्षिण अमेरिकेकडच्या उबदार पाण्यातले. गारठ्यात त्यांची भूक मंदावते, म्हणून दाणे चिमूटभरच टाका. डासांच्या अळ्या मात्र त्यांना खाऊ द्या. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचा अहवाल लिहिला, त्यात शहरातल्या विहिरींवर बोट ठेवलं होतं. साचलेलं स्वच्छ पाणी मलेरियाच्या डासाला फार आवडतं, आणि आपलं टाकं म्हणजे तेच. पालिकेचा माणूस तपासायला आला तर त्याला एकही अळी सापडता कामा नये.

चला, कात्री कोण धरतंय? कंद उकरून वेगळे करायचं काम फेब्रुवारीत, दिवस वाढायला लागल्यावर. तेव्हा खतही मिळेल त्याला.