राक्षसाचा डाव, मंत्राची तोड

भाऊबीज झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया सुरू होतात. दिवसा दुकानं, दंडार आणि पोरांच्या पुंग्या, रात्री नाटक. गेल्या दिवाळीत सानगडीच्या घरी असताना अशाच एका रात्री सगळं घर नाटकाला निघालं होतं. माजघरात मात्र सतरंजीवर माझा भाचा चार मित्रांना घेऊन बसला होता. मधे कागद, पेन्सिली, फुटाण्यांची वाटी आणि चौकोनी, अष्टकोनी, वीस बाजूंचे फासे. खेळ होता ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. नागपूरला कॉलेजात लागलेलं हे वेड तो सुटीत गावी घेऊन आला होता.

खेळ थोडक्यात असा. एक जण सूत्रधार. तो जग सांगतो, राक्षस चालवतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, काय करतो ते बोलून दाखवतात, आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो. त्या रात्री शेवटची लढाई होती. भाच्यानं तीन आठवडे खपून एक मांत्रिक राक्षस रचला होता. त्याची गढी सानगडीच्या टेकडीवरच्या सहानगडावरून उचललेली, तलावासकट. लढाई वीस मिनिटांत आटोपली. राक्षसानं मंत्राला तोंड उघडलं रे उघडलं की कोणीतरी ‘काउंटरस्पेल!’ ओरडून तो मंत्र रद्द करायचा. चौथ्या फेरीत राक्षस आडवा. पोरं जिंकली, पण जिंकल्याचा आनंद कोणाच्याच तोंडावर दिसेना. शाल शोधत आत आलेली आई म्हणाली, “एका राक्षसावर चौघं पोट्टे? मंग थो मरनारच नं!”

या खेळाचे कर्ते पन्नास वर्षं जिथे अडत आले आहेत, ती जागा आईनं उंबऱ्यात उभ्या उभ्या दाखवली. भाचा हिरमुसला होता म्हणून मी नियमांची पुस्तकं मागून घेतली आणि पुढे वाचत राहिलो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली अमेरिकेत तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात हा खेळ छापला. आईची तक्रार तेव्हापासूनची. चार खेळाडूंना मिळून एका फेरीत चार डाव मिळतात, राक्षसाला एक. तो कितीही बलदंड असला तरी चारदा मार खाऊन एकदा मारणार. नुसतं रक्त, म्हणजे मार सोसायची ताकद, वाढवलं तर तो उशिरा मरतो, लढाई मात्र कंटाळवाणी होते. 2014 च्या पाचव्या आवृत्तीनं यावर तीन उपाय केले. पहिला, बड्या राक्षसाला दुसऱ्यांचा डाव संपता संपता छोट्या चाली करायची मुभा, फेरीत बहुधा तीन. दुसरा, तो स्वतःच्या गुहेत असेल तर गुहाही त्याच्या बाजूनं लढते: जमीन हादरते, भिंतीतून धूर येतो. तिसऱ्याकडे नंतर येतो.

पहिला उपाय वाचताना मला आठवली वाघ-बकरी. फरशीवर कोळशानं रेघा ओढायच्या, वाघांना खडे, बकऱ्यांना चिंचोके. दक्षिणेत हाच खेळ तीन वाघ आणि पंधरा बकऱ्यांचा, नेपाळात चार वाघ आणि वीस बकऱ्यांचा. वाघ उडी मारून बकरी खातो. बकरीला मारता येत नाही, तिनं घेरायचं. वाघाला हलायला घर उरलं नाही की वाघ हरला. पण खरी मेख चालीत आहे. एक चाल वाघांची, एक बकऱ्यांची. बकऱ्या वीस असल्या तरी सगळ्या मिळून त्यांना एकच चाल. म्हणजे एकट्याला पुष्कळांच्या बरोबरीचे डाव द्यायचे, हा हिशेब आपल्या ओसरीवर आधीच मांडलेला होता. नागझिरा आणि नवेगावबांध ही दोन्ही जंगलं सानगडीहून लांब नाहीत. 2013 साली त्यांचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. इथल्या माणसाला वाघ एकटा असतो म्हणून दुबळा असतो, असं कोणी सांगायला जाऊ नये.

आता तिसरा उपाय, आणि माझा सगळ्यात नावडता. बड्या राक्षसावर टाकलेला मंत्र लागला, बचावाचा फासा चुकला, तरी दिवसातून तीनदा तो म्हणू शकतो, ‘नाही, मी वाचलो.’ कारण द्यावं लागत नाही. नियम गरजेचा आहे हे मला कळतं. एरवी पहिल्याच फेरीत कोणी राक्षसाचा दगड करील आणि तीन आठवड्यांची मेहनत फुटाण्यांबरोबर संपेल. पण खेळाडूच्या वाट्याला काय येतं? सगळ्यात मोठा मंत्र खर्च, आणि समोर काहीच घडलं नाही. म्हणून मुरलेले खेळाडू आधी स्वस्तातले मंत्र फेकून राक्षसाचे ते तीन नकार संपवून घेतात आणि मगच हुकमाचं पान काढतात.

महाभारताच्या द्रोणपर्वातल्या रात्रीच्या युद्धात कृष्णानं हेच केलं. कर्णाकडे कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्रानं दिलेली वासवी शक्ती होती. एकदाच चालणारी, अचूक, अर्जुनासाठी राखलेली. चौदाव्या दिवशी सूर्य मावळूनही युद्ध थांबलं नाही आणि कृष्णानं भीमाच्या राक्षसपुत्राला, घटोत्कचाला पुढे घातलं. रात्री राक्षसांचं बळ वाढतं, म्हणजे गुहेचा नियम इथेही आहेच. कौरवसेनेची अशी दाणादाण उडाली की सगळ्यांनी कर्णाला गळ घातली आणि शक्ती घटोत्कचावर सुटली. मरता मरता त्यानं देह वाढवला आणि अक्षौहिणीभर सैन्य अंगाखाली चिरडलं. पांडव रडत होते, कृष्ण आनंदानं नाचत होता. खर्चाचा हिशेब एवढ्या निर्दयपणे मांडलेला मी कुठल्याही नियमपुस्तकात वाचला नाही. आणि त्या हिशेबात एक पोरगा जातो, हेही व्यास लपवत नाहीत.

आता काउंटरस्पेल. मराठीत याला नेमका शब्द आहे: तोड. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तोड करणं किचकट होतं. आपला डाव राखून ठेवायचा, समोरचा कुठला मंत्र म्हणतोय ते ओळखायचं, आणि बहुतेक वेळा तोच मंत्र आपल्याकडे असावा लागायचा. त्यामुळे फारसं कोणी त्या वाटेला जाईना. 2014 मध्ये गाडी दुसऱ्या टोकाला गेली. साठ फुटांच्या आत कोणी मंत्र म्हणताना दिसला की आपला डाव नसतानाही हात वर करायचा. ताकदीच्या तिसऱ्या पायरीपर्यंतचा मंत्र आपोआप रद्द, वरचा असेल तर फासा टाकायचा, त्यात दहा अधिक मंत्राची पायरी एवढा आकडा गाठायचा. तोडीचीही तोड करता येते, आणि तिचीही. आमच्या माजघरात एकदा तीन तोडी एकावर एक चढल्या आणि मूळ मंत्र कोणता होता तेच सगळे विसरले.

कर्त्यांनाही ते खटकलं असावं. 2022 च्या राक्षसांच्या पुस्तकात त्यांनी बऱ्याच जणांचे मंत्र काढून त्यांना जादूचे ‘गुण’ करून टाकलं. मंत्र नाही, म्हणून तोडही नाही. ही पळवाट झाली. 2024 च्या आवृत्तीत तोडच बदलली: मंत्र म्हणणाऱ्याला बचावाचा फासा मिळतो आणि मंत्र अडला तरी त्याची मंत्रांची शिदोरी खर्च होत नाही. हे बरं. तरी माझी तक्रार उरतेच. ही तोड म्हणजे अजूनही नुसता नकार. ‘होऊ देणार नाही’ म्हटलं की झालं, अडवणाऱ्याला काही करून दाखवावं लागत नाही.

तोड कशी असावी ते पाहायचं तर पुन्हा द्रोणपर्वात जावं लागतं.   या पर्वाच्या अखेरीस नारायणास्त्राचं प्रकरण येतं. बाप द्रोण मारला गेल्यावर अश्वत्थाम्यानं ते अस्त्र सोडलं. जो जेवढ्या जोरानं लढेल त्याच्यावर ते तेवढंच वाढतं. कृष्णानं तोड सांगितली: शस्त्रं टाका, रथांतून खाली उतरा, मनातही झुंजू नका. सगळ्यांनी ऐकलं. भीमानं ऐकलं नाही. तो गदा घेऊन धावला आणि सगळं अस्त्र त्याच्या एकट्यावर एकवटलं. अर्जुनानं त्याच्याभोवती वारुणास्त्राचं कवच धरलं, तेही अपुरं पडलं. शेवटी कृष्णानं आणि अर्जुनानं भीमाला ओढून रथाखाली आणलं, हातातलं शस्त्र हिसकलं, तेव्हा आग निवली. दुर्योधन म्हणाला, पुन्हा सोड. अश्वत्थामा म्हणाला, जमत नाही, दुसऱ्यांदा सोडलं तर सोडणाऱ्यावरच उलटतं. वापर एकदाच, शिक्षा कोणाला ते ठरलेलं, तोड सगळ्यांना ठाऊक. तरी ती करायला प्रत्येकाला आपल्या स्वभावाशी झगडावं लागतं, आणि भीमाला ते जमत नाही.

सौप्तिकपर्वात याच्या पुढची पायरी आहे. अर्जुन आणि अश्वत्थामा, दोघांची ब्रह्मास्त्रं समोरासमोर, मधे व्यास आणि नारद उभे. अर्जुनाला अस्त्र परत घेता येतं, अश्वत्थाम्याला येत नाही, कारण सोडणं शिकला तरी आवरण्याचा संयम त्याच्याकडे नाही. मग ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर जातं. रामायणातला इंद्रजित वेगळा: निकुंभिलेचा यज्ञ पुरा झाला तर तो अजिंक्य, म्हणून बिभीषणानं लक्ष्मणाला यज्ञ संपायच्या आत तिथे नेलं. तोड मंत्रात नव्हती, वेळेवर पोचण्यात होती.

मी भाच्याला विचारलं होतं, पुस्तकातला आयता राक्षस का नाही घेतलास? विचारायचं कारण, या खेळात ‘राक्षस’ हे नावच आपल्याकडून गेलेलं आहे. 1975 साली तो खेळाच्या कर्त्यांच्या एका नियतकालिकात आला, 1977 च्या पुस्तकात त्याचं चित्र छापलं: वाघाचं डोकं, अंगात झगा, तोंडात चिलीम. त्या पुस्तकात आठव्या पायरीखालचा एकही मंत्र त्याला लागत नसे, पण मंतरलेला बाण लागला की तो जागीच मरे. हा बाण रामायणातला असेल असं मला वाटलं होतं. तो निघाला ‘कोल्चॅक’ नावाच्या अमेरिकी भुताखेतांच्या मालिकेतला. मला राग आला नाही, हसू आलं. पण भाचा म्हणाला, “मामा, त्याच्यावर कोणाचा मंत्रच चालत नाही. मग मंत्रवाल्या पोरांनी रात्रभर फुटाणे खायचे का?” बरोबर होतं.

हे लिहिताना एक गोष्ट टाळता आली नाही. आमच्या भागात मूठ मारणं आणि ती परतवणं हे शब्द खेळातले नाहीत. करणी केली म्हणून म्हाताऱ्या माणसांना, बायकांना मारहाण झाली आहे, जीव गेले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. ‘हा करणी करतो’ असं कोणाबद्दल जाहीर करणं आता गुन्हा आहे. माजघरातल्या पोराला आपला मंत्र किती फुटांवर, कितीदा, कोणावर चालतो ते छापून मिळतं. चावडीवरच्या आरोपाला असला एकही नियम नसतो, आणि ज्याच्यावर तो येतो त्याला बचावाचा फासा कोणी देत नाही.

या होळीला पोरं पुन्हा जमली. भाच्यानं राक्षस तोच ठेवला, नियम बदलले. फेरीत त्याचे तीन डाव, वाघासारखे. नकार एकही नाही. आणि एकदाच सुटणारा एक मंत्र, ज्याची तोड गावातल्या म्हातारीनं आधीच सांगून ठेवलेली: हत्यारं खाली ठेवा आणि एक फेरी गप्प उभे राहा. मंत्र सुटला. तिघांनी हत्यारं ठेवली. चौथा म्हणाला, माझा डाव आहे, मी मारणार. त्याला ओढून खाली आणायला कोणी गेलं नाही. वीस बाजूंच्या फाशावर चार पडले. त्याचं पात्र मेलं. आईनं त्याच्यापुढे फुटाण्यांची वाटी सरकवली आणि त्यानं कोरा कागद मागून घेतला.