फाइल मागितली म्हणून डॉक्टरांचा अपमान होत नाही

नालासोपारा-विरारकडे आजारी माणूस आधी नाक्यावरच्या दवाखान्यात जातो, मग नर्सिंग होममध्ये आणि हाताबाहेर गेलं की मुंबईला, नायर किंवा केईएमला. तिथे पोचेपर्यंत घरच्यांच्या हाती बहुधा डिस्चार्ज कार्डच असतं. फाइल मागायचा धीरच होत नाही.

गैरसमज : केसपेपर हॉस्पिटलचे; मागितले तर डॉक्टर दुखावतील.

वस्तुस्थिती : 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने नोंदी मागितल्या, तर त्या 72 तासांत द्याव्या लागतात. दाखल रुग्णांच्या नोंदी 3 वर्षं जपणंही बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. कोणतं औषध किती मात्रेत दिलं, हे कळलं नाही तर पुढचा डॉक्टर चाचपडतो, तपासण्या पुन्हा होतात, वेळ जातो. त्यामुळे फाइल मागण्यात अविश्वास नाही, उपचाराचीच ती गरज आहे.

गैरसमज : पाटीवर ‘डॉ.’ आहे, म्हणजे झालं.

वस्तुस्थिती : वसई-विरारमध्ये बोगस डॉक्टरांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या नव्या नाहीत. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो, चिठ्ठीवरही लिहायचा असतो. तो नसेल तर सरळ विचारा.

गैरसमज : एकदा सही केली की डॉक्टर हवं ते करू शकतात.

वस्तुस्थिती : तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केलं. जिवावर बेतलं असेल तेवढाच अपवाद.

गैरसमज : रुग्ण दगावला म्हणजे डॉक्टरांची चूकच.

वस्तुस्थिती : नाही. 1953 मध्ये कोकणच्या किनाऱ्यावर अपघातात मांडीचं हाड मोडलेला एक तरुण पुण्यात उपचारांदरम्यान दगावला. वडील कोर्टात गेले आणि 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांचं अपील फेटाळलं. पण त्याच निकालात असंही म्हटलं आहे, की डॉक्टरांकडून वाजवी कौशल्य आणि काळजीची अपेक्षा आहे, सर्वोच्च कौशल्याची नाही. तोडफोड-मारहाणीने यातलं काहीच सिद्ध होत नाही. महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्यानुसार त्याला 3 वर्षांपर्यंत कैद आहे, शिवाय नुकसानीच्या दुप्पट भरपाई. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांच्या वर्तनाची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करावी, नर्सिंग होमची महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. भरपाईसाठी ग्राहक आयोग आहे, मात्र तिथे 2 वर्षांच्या आत जावं लागतं.