चित्रमंदिरातला वाहनतळ

डेट्रॉइट शहराच्या मध्यभागी, बॅग्ली रस्त्यावर एका जुन्या इमारतीत तीन मजली वाहनतळ आहे. काही वर्षांपूर्वी तिथे गाडी लावण्याचा योग आला. सर्वांत वरच्या मजल्यावर गाडीतून उतरलो, सहज मान वर केली आणि तसाच उभा राहिलो. डोक्यावर नक्षीकामाने भरलेले, जागोजागी पोपडे निघालेले भव्य छत होते. समोर रंगमंचाची कमान होती आणि तिच्याखाली ओळीने मोटारी उभ्या होत्या.

हे एके काळचे मिशिगन थिएटर. १९२६ साली उघडलेल्या या चित्रमंदिरात सुमारे चार हजार प्रेक्षक बसत. १९७०च्या दशकात ते बंद पडले. त्याला जोडून असलेल्या कार्यालयीन इमारतीतल्या भाडेकरूंना गाड्या लावायला जागा हवी होती. चित्रमंदिर पाडावे, तर शेजारच्या इमारतीला धोका. म्हणून खुर्च्या आणि सज्जे काढून आत काँक्रीटचे मजले घातले गेले. योगायोग असा की हेन्री फोर्डने १८९६ साली आपली पहिली गाडी ज्या शेडमध्ये बनवली, ती शेड याच जागेवर होती. मोटारीने आपली जन्मभूमी परत घेतली, असेच म्हणायचे.

मी मोटार उद्योगातला माणूस. १९९४ साली पुण्यातली नोकरी सोडून इथे आलो. माझ्यासारखे अनेक मराठी अभियंते त्या सुमारास मिशिगनमध्ये येत होते. घरी पत्रात ‘मी डेट्रॉइटला असतो’ असे लिहायचो, पण राहायचो ट्रॉय नावाच्या उपनगरात, शहराच्या मध्यापासून वीसेक मैलांवर. कामावरच्या मंडळींनी पहिल्याच आठवड्यात बजावले होते, की अंधार पडल्यावर ‘एट माइल’च्या दक्षिणेला जायचे नाही. एट माइल रोड ही शहराची उत्तर सीमा. हा सल्ला मी पंधरा वर्षे निमूटपणे पाळला. शहर का ओस पडले, हा प्रश्न मला त्या छताखाली पहिल्यांदा पडला आणि पुढची काही वर्षे मी त्याचाच माग काढत राहिलो.

सर्वांच्या वाटेवरची जागा

‘डाउनटाउन’ हा शब्द मूळचा न्यू यॉर्कचा. मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला जुनी वस्ती होती आणि शहर उत्तरेकडे वाढत गेले. उत्तरेला जाणे म्हणजे ‘वर’ आणि दक्षिणेला जाणे म्हणजे ‘खाली’. पुढे दिशेचा अर्थ गळून पडला आणि कुठल्याही अमेरिकन शहराचा मध्यभाग ‘डाउनटाउन’ झाला.

आपल्याकडच्या पेठांशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती पुरती जुळत नाही. पेठेत माणसे राहतात. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे, खालच्या मजल्यावर दुकान, असा तिचा संसार असतो. अमेरिकन डाउनटाउनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत राहणारे कमी आणि येणारे जास्त, अशी स्थिती झाली होती. इतिहासकार रॉबर्ट फोगल्सन यांनी १८८० ते १९५० या काळातल्या डाउनटाउनच्या उदयास्ताचा एक मोठा ग्रंथच लिहिला आहे. ट्रामच्या साऱ्या वाटा एका चौकात येऊन मिळत. त्यामुळे कचेऱ्या, बँका, मोठी दुकाने, नाटक-सिनेमा सगळे तिथेच एकवटले. डाउनटाउन कुठल्याच एका मोहल्ल्याचे नव्हते, ते सर्वांच्या वाटेवर होते. हेच त्याचे बळ होते आणि पुढे हीच त्याची दुबळी बाजू ठरली. वाटा दुसरीकडे वळल्या, की तिथे मागे राहणारे कोणी नव्हते.

डेट्रॉइटमध्ये या वाटांचा मेरुदंड म्हणजे वुडवर्ड अॅव्हेन्यू, आणि तिचे हृदय म्हणजे ‘हडसन्स’ हे दुकान. पंचवीस मजल्यांहून उंच, लाल विटांची, पूर्ण चौक व्यापणारी ही इमारत होती. खरेदीपेक्षा तिथे जाण्याचेच अप्रूप अधिक. १९२४ पासून हडसन्सची थँक्सगिव्हिंगची मिरवणूक वुडवर्डवरून निघू लागली. शहरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या दुकानाची आठवण काढताना पाहिले, की ते दुकानाविषयी बोलत नसून एखाद्या वाड्याविषयी बोलत आहेत असे वाटते.

शहाणपणाचे निर्णय

हे हृदय कोणी बंद पाडले? उत्तर शोधताना मला पहिला धक्का बसला तो असा, की सुरुवात हडसन्सनेच केली.

२२ मार्च १९५४ रोजी शहराच्या सीमेबाहेर, साउथफील्डमध्ये, ‘नॉर्थलँड’ हे विशाल खरेदी केंद्र उघडले. ते उभारले होते हडसन्सने. वास्तुकार व्हिक्टर ग्रुएन मूळचे व्हिएन्नाचे. उपनगरी माणसाला मोटारीतून उतरवून पायी चालायला लावावे, बाग, शिल्पे आणि बाकडी यांच्या मध्ये त्याला शहराचा अनुभव द्यावा, हे त्यांचे स्वप्न होते. लोक आले, चाललेही. पण नॉर्थलँडभोवती गाड्यांसाठी हजारो जागा होत्या आणि त्या फुकट होत्या. मग डाउनटाउनला जायचे कशाला? पुढे साऱ्या देशात मॉल उगवले, तेव्हा ग्रुएन यांनी आयुष्याच्या अखेरीस या अपत्यांचे पितृत्वच नाकारले.

दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, वुडवर्डवरची शेवटची ट्राम धावली. जवळजवळ नव्या असलेल्या ट्रामगाड्या मेक्सिको सिटीला विकल्या गेल्या. त्याच वर्षी केंद्र सरकारने आंतरराज्य महामार्गांचा कायदा केला. बसही स्वस्त आणि महामार्गही हवेतच, असे तेव्हा प्रत्येकाला वाटले. सुटा पाहिला तर प्रत्येक निर्णय शहाणपणाचा होता.

इथे अमेरिकन उपनगराविषयी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर बाकीचे उलगडत नाही. मुंबईचे दादर किंवा बोरिवली मुंबईच्याच महापालिकेत येते. ट्रॉय किंवा साउथफील्ड मात्र डेट्रॉइटमध्ये नाही. त्यांची पालिका वेगळी, घरपट्टी वेगळी आणि शाळाही वेगळ्या. कुटुंब एट माइल ओलांडून गेले, की त्याचा करही सीमेपलीकडे गेला. उरलेल्यांवर बोजा वाढला, सेवा ढासळल्या, म्हणून आणखी कुटुंबे गेली.

आणि ही सीमा सर्वांना सारखी खुली नव्हती. घरकर्जाला हमी देणारी केंद्र सरकारची यंत्रणा १९३०च्या दशकापासून कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना ‘जोखमीच्या’ ठरवत आली. एट माइलजवळ १९४१ साली एका बिल्डरने गोऱ्यांची नियोजित वसाहत आणि शेजारची कृष्णवर्णीय वस्ती यांच्यामध्ये चक्क भिंत बांधली, तेव्हा कुठे त्याला कर्जाची हमी मिळाली. ती भिंत आजही उभी आहे. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर असून मी ती पाहिली तेव्हा इथे येऊन वीस वर्षे झाली होती.

हेस्टिंग्ज रस्ता

डाउनटाउनची झगमग ज्यांना पुरती खुली नव्हती, त्यांनी तिच्या पूर्वेला आपले स्वतःचे गावकेंद्र उभे केले होते. ब्लॅक बॉटम ही वस्ती आणि तिला लागून पॅरडाइज व्हॅली हा करमणुकीचा भाग. दोन्हींना सांधणारा हेस्टिंग्ज रस्ता. तिथे दवाखाने, केशकर्तनालये, हॉटेले, औषधांची दुकाने होती. ड्यूक एलिंग्टनसारखे वादक तिथल्या क्लबांत वाजवत. जॉन ली हूकर यांचा ब्लूज याच रस्त्यावर वाढला. गायिका अरीथा फ्रँकलिन यांच्या वडिलांचे चर्चही याच रस्त्यावर होते.

१९४९च्या केंद्रीय कायद्याने ‘गलिच्छ वस्ती निर्मूलना’साठी पैसा उपलब्ध झाला आणि त्यापाठोपाठ फ्रीवे आला. ब्लॅक बॉटम सपाट केली गेली आणि तिच्या काही भागावर मीस व्हान डेर रोहे यांच्या आराखड्यानुसार लाफायेट पार्क ही देखणी वसाहत उभी राहिली. हेस्टिंग्ज रस्त्याच्या जागी खोल चरातून जाणारा क्रायस्लर फ्रीवे आला. भाडेकरूंना बहुतेकदा नुकसानभरपाई मिळाली नाही आणि दुकानदारांच्या वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकीची किंमत कोणत्याच हिशेबात धरली गेली नाही.

आमच्या कारखान्यात एक वयस्क कृष्णवर्णीय टूलमेकर होते. एकदा जेवणाच्या सुटीत मी त्यांना विचारले, तुम्ही मूळचे कुठले? ते म्हणाले, तू रोज ज्या फ्रीवेवरून घरी जातोस ना, त्याच्याच पुढच्या तुकड्यावर, साधारण मधल्या लेनमध्ये आमचे स्वयंपाकघर होते. सांगताना ते हसत होते. मला हसू आले नाही.

डेट्रॉइटच्या ऱ्हासाचे खापर पुष्कळदा १९६७च्या जुलैवर फोडले जाते. त्या दंगलीत ४३ माणसे गेली आणि तिच्यानंतर पलायनाला वेग आला, हे खरेच. पण आकडे वेगळी गोष्ट सांगतात. १९५० साली शहराची लोकसंख्या सुमारे साडेअठरा लाख होती. १९६० पर्यंत, म्हणजे दंगलीच्या सात वर्षे आधीच, ती पावणेदोन लाखांहून अधिक घटली होती. आग लागण्यापूर्वीच घर रिकामे होऊ लागले होते.

किल्ला आणि अड्डा

मग उपाय सुरू झाले. १९७७ साली नदीकाठी ‘रेनेसान्स सेंटर’ उघडले. हेन्री फोर्ड दुसरे यांच्या पुढाकाराने उभारलेल्या या संकुलात ७३ मजली हॉटेल आणि भोवती कार्यालयांचे मनोरे होते. रस्त्याच्या बाजूला मात्र काँक्रीटचे उंच बांध घातले होते. मोटारीने आत शिरावे, काम करावे, आतच जेवावे आणि मोटारीने बाहेर पडावे. जुन्या कचेऱ्यांतले भाडेकरू तिकडे गेले आणि जुने रस्ते अधिकच ओस पडले. १९८७ मध्ये ‘पीपल मूव्हर’ ही उन्नत गाडी आली. सुमारे तीन मैलांच्या वर्तुळात ती एकाच दिशेने फिरते. जिथे माणसे राहतात तिथे मात्र ती कुठेच जात नाही. हडसन्स १९८३ साली बंद पडले आणि १९९८ मध्ये सुरुंग लावून पाडले गेले.

जेन जेकब्ज यांनी १९५८ मध्येच एका लेखात सांगून ठेवले होते, की डाउनटाउन इमारतींनी नव्हे, रस्त्याने जगते. वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कारणांनी माणसे जिथे येतात, तिथे जीव असतो. फक्त नऊ ते पाच भरणारा भाग संध्याकाळी मरतो.

गंमत म्हणजे या मेलेल्या संध्याकाळींमध्येच काही उगवले. ब्रॉडवे रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीत १९८८ साली ‘म्युझिक इन्स्टिट्यूट’ नावाचा क्लब सुरू झाला. तिथे मद्य मिळत नसे. पहाटेपर्यंत तरुण मुले नाचत आणि हुआन अॅटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन यांनी घडवलेले टेक्नो संगीत त्या रिकाम्या डाउनटाउनमध्ये घुमत असे. क्लब फार काळ टिकला नाही, पण ते संगीत बर्लिनपर्यंत पोहोचले. त्याच वर्षी १९२८चे फॉक्स थिएटर दुरुस्त होऊन पुन्हा उघडले. १९९६ मध्ये डेव्हिड डिकिएरा यांनी एका मोडक्या चित्रमंदिराचे ऑपेरागृह केले. १९८० पासून दर सप्टेंबरच्या सुमारास भरणारा जॅझ महोत्सव आजही विनातिकीट आहे.

परत आलेली गर्दी

२०१० नंतर चित्र झपाट्याने पालटले. मोठ्या कंपन्या उपनगरांतून परत आल्या, जुन्या मनोऱ्यांचे फ्लॅट झाले. २०१३ मध्ये सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यापायी शहराने दिवाळखोरी जाहीर केली, तरी डाउनटाउनची दुरुस्ती थांबली नाही. हडसन्सच्या जागी नवा मनोरा उभा राहिला. जनगणना विभागाच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये शहराची लोकसंख्या १९५७ नंतर प्रथमच किंचित वाढली.

या पुनरुज्जीवनाने मला आनंद होतो आणि अस्वस्थही वाटते. ग्रिस्वोल्ड रस्त्यावरच्या एका इमारतीत अल्प उत्पन्नाचे शंभरहून अधिक वृद्ध राहत होते. वाईट दिवसांत डाउनटाउन सोडून न गेलेली ही माणसे. बरे दिवस आले तेव्हा, २०१३ मध्ये, त्यांना घर रिकामे करण्याची नोटीस मिळाली, कारण तिथे महागडे फ्लॅट व्हायचे होते. क्रायस्लर फ्रीवेचा टोकाचा चर बुजवून तिथे पुन्हा रस्ता करायचा, यासाठी २०२२ मध्ये केंद्राने दहा कोटी डॉलरहून अधिक अनुदान मंजूर केले. काम रेंगाळले आहे. चर बुजला तरी वर येणारी जमीन कोणाची, हा खरा वाद आहे.

आमचे मराठी कार्यक्रम आजही उपनगरातल्या शाळांच्या सभागृहांत होतात. सभागृह ठरवताना कार्यकारिणीत पहिला प्रश्न असतो, पार्किंग किती? मीही तो अनेकदा विचारला आहे आणि त्यात गैर काहीच नव्हते. नॉर्थलँड बांधणाऱ्यांच्या प्रश्नातही गैर काही नव्हते.

निवृत्तीनंतर मी महिन्यातून एक-दोनदा वुडवर्डवरून जाणाऱ्या बसने डाउनटाउनला जातो. बसमध्ये पाळी संपवून परतणाऱ्या परिचारिका, विद्यार्थी, सफाई कामगार असतात. कँपस मार्शियस चौकात उतरलो की एखाद्या बाकावर बसतो. गेल्या जॅझ महोत्सवात तिथे आमचे ते टूलमेकर भेटले. ते आता नव्वदीच्या घरात आहेत. शेजारी बसून आम्ही दोघांनी एक अख्खी मैफल ऐकली. उठताना त्यांनी विचारले, गाडी कुठे लावली आहेस? बसने आलो म्हटल्यावर त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, मग आत्ता खरा डेट्रॉइटला आलास.