अंडी उबवणीतून घरात आलेला थर्मोस्टॅट



खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते आणि पिल्ले बाहेर येतात. हेच काम उबवणी यंत्राने करावयाचे, तर आतील तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास रात्रंदिवस टिकवावे लागते. ऊब निर्माण करणे सोपे, पण ती ठरावीक ठेवणे कठीण. ती ठरावीक ठेवणारे साधन म्हणजे थर्मोस्टॅट. आज तो फ्रीज, इस्त्री, गीझर आणि वातानुकूलन यंत्रात दिसतो. पण त्याचे सुरुवातीचे प्रयोग अंडी उबविण्यासाठीच झाले.

भट्टीपासून सुरुवात

सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने कोळशाच्या भट्टीवर चालणारे उबवणी यंत्र बनविले. उष्णता वाढली की नळीतील अल्कोहोल प्रसरण पावे, पारा वर चढे आणि भट्टीची झडप मिटे. उष्णता कमी झाली की झडप पुन्हा उघडे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये बोनमाँ याने गरम पाण्याच्या उबवणीसाठी शिशाच्या नळीत लोखंडी कांब बसविली. शिसे लोखंडापेक्षा जास्त वाढते. या फरकाच्या जोरावर भट्टीचे हवेचे दार उघडझाप होई.

१८३० मध्ये स्कॉटलंडचे रसायनतज्ज्ञ अँड्र्यू यूर यांनी दोन धातूंच्या पट्टीच्या नियंत्रकाचे पेटंट घेतले व त्याला ‘थर्मोस्टॅट’ हे नाव दिले. कमी-अधिक प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंच्या पट्ट्या एकत्र जोडल्या, की तापल्यावर जोडपट्टी वाकते.

घरातील प्रवेश

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वॉरेन जॉन्सन हे प्राध्यापक होते. वर्गातील तापमान पाहण्यासाठी शिपायाला खोलोखोली फिरावे लागे व मग तळघरातील भट्टी कमी-जास्त करावी लागे. जॉन्सन यांनी १८८३ मध्ये विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले. पाठोपाठ मिनियापोलिसच्या अल्बर्ट बुट्झ यांनी घरातील कोळशाच्या भट्टीची झडप आपोआप हलविणारे साधन तयार केले. १९५३ मध्ये हनीवेल कंपनीचा गोल थर्मोस्टॅट बाजारात आला व अमेरिकेतील घराघरांत पोहोचला. फ्रीजमध्ये पट्टीऐवजी बारीक नळीतील वायूच्या दाबाने स्विच चालू-बंद होतो, तर आता अनेक यंत्रांत हे काम इलेक्ट्रॉनिक सेन्सर करतो.

आपण काय लक्षात ठेवावे?

थर्मोस्टॅट उष्णता निर्माण करीत नाही. तो फक्त हीटर चालू-बंद करतो. बटण जास्त फिरविले म्हणजे यंत्र लवकर तापते, हा गैरसमज आहे. तसे केल्यास हीटर उशिरा बंद होतो व अंडी जास्त तापतात.

थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू काही वेळा चिकटतात. तसे झाल्यास हीटर चालूच राहतो आणि एका रात्रीत संपूर्ण उबवण वाया जाऊ शकते. यासाठी पुढील काळजी घ्यावी.

१. अंड्यांच्या पातळीवर खात्रीचा स्वतंत्र तापमापक ठेवावा आणि दिवसातून किमान तीन-चार वेळा नोंद करावी.

२. हीटरच्या त्याच वायरवर दुसरा थर्मोस्टॅट, मुख्य थर्मोस्टॅटपेक्षा सुमारे एक अंश जास्त तापमानावर लावून, माहीतगार वायरमनकडून बसवून घ्यावा. पहिला अडकला तर दुसरा हीटर बंद करील.

३. अंडी भरण्यापूर्वी यंत्र एक दिवस रिकामे चालवून तापमान स्थिर राहते की नाही, ते पाहावे.

४. ब्रूडरमध्ये पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब ठेवून पुढे दर आठवड्यास सुमारे तीन अंशांनी कमी करावी. पिल्ले दिव्याखाली गर्दी करू लागली तर ऊब कमी आहे, आणि चोच उघडून लांब पळू लागली तर जास्त आहे, असे समजावे.

यंत्र आपोआप चालते म्हणून निर्धास्त राहू नये. खुडूक कोंबडीही दिवसातून अनेक वेळा अंडी उलटसुलट करून पाहते. तेवढे लक्ष आपण यंत्राकडे दिले तर नुकसान टळेल.